टँगोच्या गावात पहिली रात्र कुठे घालवाल?

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समध्ये पर्यटकांसाठी टँगोचे झगमगीत कार्यक्रम होतात. तिथे जेवायचे, पाहायचे आणि टाळ्या वाजवायच्या. पण शहरातली माणसे स्वतः नाचायला जमतात ती जागा वेगळी. तिला म्हणतात मिलोंगा. युनेस्कोने 2009 साली ज्या टँगोला मानवजातीच्या वारशात स्थान दिले, तो रोज जगतो तो इथेच.

थोडाफार टँगो शिकून आलेल्या पाहुण्यापुढे प्रश्न पडतो, नेमके जायचे कुठे? निवड चुकली तर सारी रात्र खुर्चीत जाते आणि 'आपल्याला काही येतच नाही' अशी खूणगाठ बांधून माणूस परततो. खरे तर दोष अनेकदा पावलांचा नसतो, निवडीचा असतो.

नावापेक्षा वार पाहा

एकाच हॉलमध्ये वेगवेगळ्या वारी वेगवेगळे आयोजक मिलोंगा भरवतात. सोमवारची गर्दी आणि शुक्रवारची गर्दी यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून हॉलचे नाव ऐकून निघू नका. आज तिथे कोणाची मिलोंगा आहे, हे आधी विचारा.

नवख्यांसाठी पालेर्मो भागातली 'ला विरुता' सोयीची. तिथे आधी शिकवणी होते, मग नाच. त्यामुळे चार ओळखी आपोआप होतात. बेलग्रानोच्या बागेतल्या 'ला ग्लोरिएता' या छत्रीखाली उघड्यावर नाच चालतो, वातावरण मोकळे असते. जुनी शिस्त पाहायची असेल तर विया उर्किसातला 'सुंदरलँड' क्लब गाठा. बास्केटबॉलच्या मैदानाभोवती टेबले मांडलेली असतात आणि मुरलेली मंडळी नाचत असतात. तिथे पहिल्या रात्री पाहण्यातच शहाणपण.

कुठे बसता, यावर सारे

पारंपरिक मिलोंगात जागा यजमान देतो. स्त्रिया एकीकडे, पुरुष दुसरीकडे. पती-पत्नी एकाच टेबलाशी बसले, तर ती जोडी एकमेकांसोबतच नाचणार, असे समजून इतर कोणी सहसा विचारत नाही. इतरांबरोबरही नाचायचे असेल तर दारातच वेगळ्या जागा मागा. हा निर्णय मात्र घरून निघतानाच दोघांनी मिळून घ्यावा, म्हणजे रुसवेफुगवे टळतील.

आमंत्रण तोंडाने नाही, नजरेने दिले जाते. याला काबेसेओ म्हणतात. नजर मिळाली, मान हलली की होकार; नजर वळवली की नकार. कोणाचाही चारचौघांत अपमान होत नाही. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा खांबाआड बसू नका. तुम्ही दिसलाच नाहीत तर बोलावणार कोण?

'धन्यवाद' जपून म्हणा

तीन-चार गाण्यांच्या संचाला तांदा म्हणतात. तो संपला की वेगळ्याच संगीताचा तुकडा वाजतो आणि सगळे जागेवर परततात. पहिल्याच गाण्यानंतर सौजन्याने 'ग्रासियास' म्हणालात, तर त्याचा अर्थ 'आता पुरे' असा होतो.

नाचणारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. जागा दाटीची असेल तर लांब पावले टाकू नका. मोठ्या हालचालींची हौस असेल तर ऐसपैस हॉल निवडा.

पहिला तासभर नुसते बसून पाहा. इथल्या लोकांत आपण रमू, असे वाटले तर समजा, तुमची जागा सापडली. नाही वाटले, तर उद्या दुसरा हॉल आहेच.