नोड पडला, डेटा वाचला

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा एक डोळा गिऱ्हाइकावर असतो, दुसरा आभाळावर. पैठण गेट, सुपारी हनुमान, औरंगपुरा या पट्ट्यातली दिवाळीची खरेदी शेवटी मराठवाड्याच्या शिवारातच ठरते. कापूस-सोयाबीन हाती लागलं तर ताग्यावर तागे उलगडतात. पावसाने दडी मारली तर दुकानदार दिवसभर माशा मारतो. म्हणून हवामान खात्याचा अंदाज इथे चवीने वाचला जातो, आणि चुकला की चवीने शिव्याही खातो.

त्या अंदाजामागची बरीचशी आकडेमोड पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत होते. तिथल्या महासंगणकाचं नाव ‘अर्क’. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, साठवण ३३ पेटाबाइट. म्हणजे घरी वापरतो तशा एक टेराबाइटच्या ३३ हजार हार्ड डिस्क. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचं लोकार्पण झालं. पंतप्रधान त्यासाठी पुण्यात येणार होते, पण मुसळधार पावसामुळे दौरा रद्द झाला आणि सोहळा दूरदृश्य प्रणालीवरून उरकावा लागला. पावसाचा अंदाज सांगणाऱ्या यंत्राला याहून चोख सलामी कोणती मिळणार? २६ मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे सहा किलोमीटरच्या चौकटींचं प्रारूप त्यावर रीतसर चालू झालं. आधीच्या चौकटी बारा किलोमीटरच्या होत्या. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात, आणि डेटाही त्याच चालीने फुगतो.

असा संगणक म्हणजे एक यंत्र नसतं. एका जलद जाळ्यात गुंफलेले असंख्य स्वतंत्र संगणक, म्हणजे ‘नोड’, मिळून एकच गणित सोडवत असतात. पुण्याला ही विद्या नवी नाही. १९८८ साली इथे सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तोही याच तत्त्वावर. या रचनेची ताकद आणि तिचं दुखणं एकच: नोडची संख्या. समजा, एक नोड सरासरी पाच वर्षांतून एकदा दगा देतो. तक्रारीला जागा नाही. पण असे हजार नोड एकत्र आणले की वर्षाला दोनशे वेळा, म्हणजे दर दोन दिवसांत एखादा नोड पडणारच. मेमरीची पट्टी सडते, पॉवर सप्लाय जळतो, कधी कारणच सापडत नाही. सगळे नोड एकमेकांच्या उत्तरावर अवलंबून असल्याने एक पडला की चालू गणित सहसा सगळंच थांबतं.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे चेकपॉइंट: ठरावीक वेळाने गणिताची सद्यस्थिती डिस्कवर उतरवायची आणि अपघात झाला तर तिथून पुढे सुरू करायचं. पण किती वेळाने? सारखं उतरवत बसलं तर लिहिण्यातच वेळ जातो, उशीर केला तर केलेलं काम बुडतं. जॉन यंग यांनी १९७४ मध्ये याचं सुटसुटीत सूत्र दिलं. लिहायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी काळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करा, तिचं वर्गमूळ काढा. लिहायला पाच मिनिटं लागत असतील आणि दिवसाला एक बिघाड होत असेल, तर उत्तर येतं बरोबर दोन तास.

चेकपॉइंट लिहितानाच नोड पडला तर? तरबेज प्रोग्रॅमर जुन्या फायलीला हात लावत नाही. नवी प्रत वेगळ्या नावाने लिहितो, ती खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करतो, आणि मगच नाव बदलून तिला जुनीच्या जागी बसवतो. अर्धवट फाईल नशिबी येत नाही.

हा झाला गणित करणाऱ्या नोडचा मृत्यू. डेटा सांभाळणारा सर्व्हरच कोसळला तर मामला गंभीर होतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या, एक पेटाबाइट साठवणीच्या ‘परम ब्रह्म’वर आणि जगातल्या कित्येक महासंगणकांवर यासाठी ‘लस्टर’ ही फाईल प्रणाली असते. तिच्यात सर्व्हर सहसा जोडीने बसवतात आणि डिस्कचा संच दोघांनाही जोडलेला असतो. गणित करणारा नोड लिहिण्याची विनंती पाठवून मोकळा होत नाही. ‘डिस्कवर उतरलं’ अशी पोच येईपर्यंत ती तो स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो. एक सर्व्हर गेला की जोडीदार डिस्कचा ताबा घेतो, आणि सगळे नोड आपापल्या पोच न मिळालेल्या विनंत्या अनुक्रमाने पुन्हा पाठवतात.

खरा धोका पूर्ण मेलेल्या सर्व्हरपेक्षा अर्धमेल्याचा. जोडीदाराला वाटतं तो गेला, पण तुटलेली असते फक्त मधली तार. दोघेही त्याच डिस्कवर लिहू लागतात. एकाच पेढीच्या एकाच कीर्दीत दोन मुनीम एकमेकांना न विचारता नोंदी करू लागले, तर संध्याकाळी ताळेबंद जुळेल का? म्हणून ताबा घेण्यापूर्वी जोडीदार आधी पहिल्याची वीज तोडतो. क्रूर वाटतं, पण या सगळ्या यंत्रणेतला हा सर्वांत शहाणा नियम आहे.

हडूपसारख्या, अनेक नोडवर डेटा वाटून ठेवणाऱ्या प्रणालींची तऱ्हा निराळी. तिथे प्रत्येक तुकड्याच्या मुळातच तीन प्रती असतात, आणि त्या एकाच रॅकमध्ये ठेवत नाहीत. दर तीन सेकंदांनी प्रत्येक नोड हजेरी लावतो. साडेदहा मिनिटं हजेरी चुकली की त्याला मृत धरून त्याच्याकडच्या प्रती इतरत्र पुन्हा तयार होतात.

मात्र हे सगळं यंत्र पडण्यापासूनचं संरक्षण झालं. पुसण्याचा हुकूम आला, तर प्रणाली तोही तितक्याच इमानाने पाळते. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर एकही नोड पडला नव्हता. बॅकअपचीच एक स्क्रिप्ट चालू असताना तिच्यात बदल केला गेला आणि सुमारे ७७ टेराबाइटच्या ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या. चौदा संशोधक गटांना फटका बसला. त्यांतल्या चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून एखाद्या ‘परम’वर खातं उघडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. महासंगणकांवरची ‘स्क्रॅच’ जागा कामापुरती असते. बहुतेक केंद्रांत तिचा बॅकअप घेतला जात नाही आणि जुन्या फायली ठरल्या मुदतीने पुसल्या जातात. पीएचडीचा डेटा तिथे मुक्कामाला ठेवू नका. आठवड्याला एक प्रत वेगळ्या यंत्रावर, शक्यतो वेगळ्या इमारतीत न्या, आणि ती उघडते की नाही हेही एकदा पाहून घ्या.