सारसांची साद

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे आणि धानाचे जिल्हे. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच पट्ट्यात, तोही मोजकाच. सारसाची जोडी बहुधा वर्षानुवर्षं टिकते. मान उंचावून नर एकदा ओरडतो आणि त्याला जोडून मादी साधारण दोनदा. या एकत्र सादेनं हद्द राखली जाते, नातंही घट्ट होतं. अंडी दोघं आळीपाळीनं महिनाभर उबवतात.

माणसांचं काय? मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत नवविवाहित जोडप्यांचं बोलणं-वागणं टिपलं आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. एकत्र राहिलेली जोडपी एकमेकांच्या लहानसहान हाकेला 100 पैकी 86 वेळा प्रतिसाद देत होती, तर विभक्त झालेली फक्त 33 वेळा. हाक तरी केवढी? ‘तलावावर पाखरं उतरली, बघ ना!’ एवढीच. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो कष्टकरी घरालाही परवडतो. रोवणीच्या दिवसांत दमूनभागून आल्यावर निवांत गप्पा होत नाहीत. पण मोबाइलवरून नजर उचलून ‘कुठं गं?’ एवढं विचारणं तेव्हाही जमतं.