लवणासुर आणि लोणारचे विवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावी सांगितली जाणारी कथा अशी, की भूगर्भातील विवरात दडून प्रजेस पीडा देणाऱ्या लवणासुराचा ठावठिकाणा भगवान विष्णूंनी त्याच्या भगिनींना मोहवून काढून घेतला, विवरावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले आणि दैत्यास तेथेच ठार केले. म्हणूनच त्यांस दैत्यसूदन हे नाव मिळाले. या कथेविषयी सुशिक्षितांतही काही गैरसमज इतके रूढ आहेत, की त्यांची छाननी करणे अगत्याचे वाटते.

रामायणातील लवण तो हाच, असे अनेकांस वाटते. परंतु उत्तरकांडातील लवण हा मधूचा पुत्र असून त्याचा वध मथुरेच्या परिसरात शत्रुघ्नाच्या हातून झाला. नामसादृश्यापलीकडे दोघांचा संबंध नाही.

याहून मोहक समज असा, की ही कथा म्हणजे उल्कापात डोळ्यांनी पाहिलेल्या पूर्वजांची स्मृती होय. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले जात होते. 1973 साली भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी तेथील खडकांत प्रचंड आघाताने काचरूप झालेले खनिज दाखविले, तेव्हा तो वाद उल्कापाताच्या बाजूने बहुतांशी मिटला. विवराचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरीत. पुढे आर्गॉन-पद्धतीने ते सुमारे 5,70,000 वर्षे ठरले, आणि आधुनिक मानवाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष तर जेमतेम तीन लक्ष वर्षांचे आहेत! ज्या घटनेस आपल्या जातीचा कोणी साक्षीदारच नव्हता, तिची साक्ष कथेच्या तोंडी घालणे योग्य नव्हे.

मग कथेचा विषय कोणता? माझ्या मते क्षार. विवरातील सरोवराच्या ज्या पाण्याचा सामू दहाच्या घरात जातो, ज्यास बाहेर पडावयास वाट नाही आणि जे उन्हाने आटत जाऊन काठावर सोडा व मीठ मागे ठेविते, त्याचे कोडे लोकांनी दैत्याच्या रक्तमांसाने उलगडले. या क्षारास सरकारदरबारीही मोल होते: ऐन-ए-अकबरीत बऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारच्या परिसरात काच व साबण यांस लागणारे द्रव्य मिळते आणि तेथील सोऱ्याच्या जकातीचा वसूल खजिन्यात जमा होतो, अशी नोंद आहे. भूमीचे कोडे कथेने उलगडण्याचा असा प्रकार ग्रीकांतही घडला. संततीचा गर्व वाहिल्याबद्दल जिची मुले अपोलो व आर्टेमिस यांनी मारली, ती नायोबी सिपिलस पर्वतावर पाषाण होऊन रडत राहिली, अशी त्यांची श्रद्धा. पॉसानियस या प्रवाशाने मात्र लिहून ठेविले, की जवळून पाहता तो केवळ कडा आहे आणि स्त्रीचा भास दुरूनच होतो. दोन्ही ठिकाणी आधी भूमी, मग कथा.

जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा दैत्याच्या रक्ताची आठवण निघाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य निघाले.

लोणारास जाणाऱ्याने दैत्यसूदनाचे देऊळ निवांतपणे पाहावे, मग कड्यावर जावे. आणि तेथील एकही दगड आठवण म्हणून उचलू नये, कारण या स्थळाच्या जन्माचा पुरावा त्या दगडांतच आहे.