मन्नारच्या आखातातील प्रवाळबेटे

चेन्नईच्या दक्षिणेस, रामेश्वरम ते तूतुकुडी या किनाऱ्यालगत, मन्नारच्या आखातात लहान प्रवाळबेटांची माळ आहे. प्रवाळ हा चिमुकला सागरी जीव. तो पाण्यातील चुन्यापासून कठीण कवच रचतो. पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या कवचांची भित्ती बनते. तिच्यावर लाटांनी वाळू व प्रवाळाचे तुकडे आणून टाकले, की बेट आकारास येते. ही बेटे सखल असतात. भित्ती लाटांचा जोर मोडते, म्हणूनच ती टिकतात.

मात्र चुन्यासाठी येथील प्रवाळ वर्षानुवर्षे खणून काढले गेले. ढाल गेल्यावर लाटांनी वाळू वाहून नेली. मूळच्या २१ बेटांपैकी पूवरसनपट्टी व विलांगुचल्ली ही दोन बुडाली. १९८६ मध्ये येथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. वान बेटही झिजत होते. ते वाचवण्यासाठी २०१५ नंतर तामिळनाडू शासनाने समुद्रतळाशी काँक्रीटच्या कृत्रिम भित्ती बसवल्या.

तापणाऱ्या समुद्रात प्रवाळ रंगहीन होऊन मरतात, हे संकट मात्र अशा भित्तींनी टळत नाही. मालदीव हा देश तर संपूर्णपणे अशाच बेटांवर वसला आहे. तेथे भित्तीचे रक्षण म्हणजे देशाचेच रक्षण होय.