शेजार आणि साखळी

गेवराईसारख्या तालुक्याच्या गावात घराला घर लागून असते आणि शेजारी बहुधा जन्माचा असतो. त्यामुळे त्याची पाळीव कुत्री मोकाट सुटली, की पंचाईत होते. पोरे शाळेला लांबच्या बोळाने जातात, दूधवाला कोपऱ्यावरूनच हाक मारतो. पण 'भाऊ, कुत्री बांधा' म्हणायला कोणी धजत नाही. 'आमचा मोत्या चावत नाही हो!' हे उत्तर सर्वांना पाठ असते.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. ती भूतदया आपली खरी. पण कुत्रे पाळले, की साखळी, बंद फाटक आणि दरवर्षी रेबीजची लस हेही मालकाकडे येते. त्याच्या हयगयीने माणसाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तरीही आधी ठाण्यात न जाता शेजाऱ्याच्या ओट्यावर जावे. दोन-तीन घरांनी मिळून आणि कोणाला चावण्यापूर्वी. ऐकले नाही, तर लेखी तक्रार आहेच.

चावलेच, तर मात्र भीड नको. हळद-चुना न लावता जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठून लस सुरू करावी. कुत्रे ओळखीचे म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे दिसल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. शेजाऱ्याचा रुसवा दिवाळीच्या फराळाने निघतो.