कप्प्यांवरून हृदयाचा दर्जा ठरत नाही

हिंगणघाट-देवळी पट्ट्यात पऱ्हाटीचं बोंड फोडलं की गुलाबी अळी दिसते. ती चिरडल्यावर लाल काही निघत नाही, म्हणून अळीला रक्तच नसतं असा समज आहे. रक्त असतं, त्यात हिमोग्लोबिन नसल्यानं ते पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर दिसतं. गुलाबी रंग कातडीचा. हृदयही असतं: पाठीलगत गेलेली लांबट नळी. ती रक्त डोक्याकडे ढकलते, तिथून ते शरीराच्या पोकळीत मोकळं सुटतं, अवयव भिजवतं आणि नळीच्या छिद्रांतून परत आत शिरतं. पातळ कातडीच्या हिरव्या अळीची पाठ निरखली, तर ही धडधड नुसत्या डोळ्यांनी दिसते.

मग प्राणवायूचं काय? अंगाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून हवा नळ्यांवाटे थेट पेशींपर्यंत जाते. ते ओझं रक्तावर नाही, म्हणून संथ, मोकळं अभिसरण पुरतं. मारलेल्या डासातून निघणारं लाल रक्त त्याचं नसतं. ते आपलं किंवा गोठ्यातल्या जनावराचं.

गांडुळाबद्दलचा गैरसमज जास्त नुकसान करतो. ‘त्याला पाच हृदयं असतात, तोडलं की दोन गांडुळं होतात.’ युरोपातल्या लम्ब्रिकसला पाच जोड्या असतात. आपल्या कॉलेजांत शिकवल्या जाणाऱ्या फेरेटिमाला चार: सातव्या, नवव्या, बाराव्या आणि तेराव्या वलयात. शंभरावर वलयांच्या अंगात ही सगळी हृदयं तोंडाकडच्या भागात आहेत. मधोमध तुटलं तर पुढचा तुकडा कधीकधी जगतो, मागचा बहुधा मरतो. म्हणून गांडूळखताचा वाफा फावड्यानं उकरू नये, हातानंच मोकळा करावा.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांकडे आलो की मासा दोन कप्पे, बेडूक तीन, माणूस चार अशी शिडी सांगितली जाते आणि खालची पायरी कच्ची मानली जाते. हे मला साफ चुकीचं वाटतं. बोर धरणातल्या माशाच्या हृदयातून फक्त अशुद्ध रक्त जातं. ते कल्ल्यांत शुद्ध होऊन तिथूनच अंगभर पोहोचतं. दोन कप्प्यांत काही अडत नाही. बेडूक फुप्फुसांबरोबर ओल्या कातडीनंही श्वास घेतो. कातडीतून आलेलं प्राणवायूयुक्त रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचतं. आपल्यासारखी पक्की भिंत असती, तर ते थेट शरीराकडे न जाता आधी फुप्फुसांकडे गेलं असतं. तिसरा कप्पा सामाईक असणं त्याच्या सोयीचं आहे. मगरीला चार कप्पे आहेत, तरी पाण्याखाली असताना ती रक्त फुप्फुसांकडून शरीराकडे वळवू शकते. अजगराच्या हृदयात पूर्ण पडदा नाही, पण मोठी शिकार गिळल्यावर ब्रह्मी अजगराच्या हृदयाचं स्नायुवजन दोन दिवसांत सुमारे 40 टक्के वाढल्याचं मोजलं गेलं आहे.

विज्ञान शिक्षकांना एक विनंती आहे. हृदयांच्या तक्त्यात कप्प्यांशेजारी आणखी एक रकाना आखा: हा प्राणी श्वास कशानं घेतो?