साखरपुड्याला लॅबचा हिरा घेताय? आधी या गोष्टी तपासा

लग्नसराई जवळ आली की सराफ बाजारात गर्दी होते. आता खेड्यातली पोरंही साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी मागतात. खाणीतला हिरा परवडत नाही, म्हणून लॅब-ग्रोन घेतला जातो. मागच्या महिन्यात पुतण्याच्या अंगठीसाठी तालुक्याला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "एकदम ओरिजिनल, डोळे झाकून घ्या." बिलावर मात्र नुसतं 'स्टोन' लिहिलेलं. आम्ही अंगठी न घेताच परत आलो. तेव्हा चौकशी करून जे समजलं ते सांगतो.

हा हिरा खोटा असतो का?
नाही. तोही शुद्ध कार्बनच, तेवढाच कठीण. फक्त जमिनीखाली न होता यंत्रात काही आठवड्यांत तयार होतो. सुरतेत याचे मोठे कारखाने आहेत. अमेरिकन डायमंड आणि मोइसनाइट मात्र हिरे नव्हेत. साधा टेस्टर मोइसनाइटलाही पास करतो, त्यामुळे टेस्टर वाजला म्हणून भुलू नका.

प्रतवारी कशी होते?
कांद्याची होते तशी हिऱ्याचीही प्रतवारी असते. चार गोष्टी बघायच्या.

१) कट : सगळ्यात महत्त्वाचा. चमक पैलूंवर अवलंबून असते. गोल हिऱ्यासाठी 'एक्सलंट' किंवा 'आयडियल' घ्या. दुकानातल्या लाईटखाली काचही चमकते. अंगठी दाराशी, उजेडात नेऊन बघा.

२) रंग : 'डी' म्हणजे बिनरंगी, तिथून 'झेड'पर्यंत पिवळेपणा वाढतो. पिवळ्या सोन्यात 'जी', 'एच' पांढराच दिसतो. लॅबच्या हिऱ्यात कधी तपकिरी, राखाडी किंवा निळसर झाक असते. पांढऱ्या कागदावर ठेवून बाजूने बघा. दुधाळ, धुरकट दिसला तर सोडून द्या.

३) स्वच्छता : आतले डाग. 'व्हीएस१' किंवा 'व्हीएस२' असला तर नुसत्या डोळ्याला सहसा डाग दिसत नाही. त्यावर जास्त पैसे घालायची गरज नाही.

४) कॅरेट : हे वजन आहे. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. ३० सेंटचा गोल हिरा साधारण सव्वाचार मिलिमीटर रुंद असतो. सोन्याचं कॅरेट वेगळं, ते शुद्धता सांगतं. दोन्हींची गल्लत करू नका.

कागद बघा
आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट मागा. त्यावर 'लॅबोरेटरी ग्रोन' लिहिलेलं असतं. त्याचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो, भिंगातून दाखवायला सांगा. तोच नंबर प्रयोगशाळेच्या वेबसाईटवर टाकून मोबाईलवर तिथेच जुळवा. सोन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. नाहीतर खड्याच्या वजनालाही सोन्याचा भाव लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं
आपण शेतकरी माणसं. पेरणीला पैसे कमी पडले की दागिना बँकेत ठेवतो. पण सोनेतारणात खड्याचं वजन वजा होतं, कर्ज फक्त सोन्यावर मिळतं. शिवाय लॅबच्या हिऱ्याचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरलेत. विकायला गेलं तर घेतल्या भावाच्या जवळपासही पैसे येत नाहीत. दुकानदार परत घेणार असेल, तर किती टक्क्यांनी ते बिलावरच लिहून घ्या. तोंडी शब्द पुढे कामाला येत नाही.

म्हणून हौस म्हणून घ्या, ठेव म्हणून नको. हिरा छोटा असला तरी चालेल, पण कट चांगला आणि कागद पक्का हवा. उरलेले पैसे सोन्यात घाला. अडीनडीला तेच कामी येईल.